अकरा मैल

कालव्यावर माणसाला नाव नसतं, मैल असतो. साहेबाच्या नावेवर खानसामा म्हणून लागलो, तेव्हा पहिल्याच आठवड्यात हे माझ्या ध्यानात आलं. दर मैलाला एक दगड, दगडाजवळ एक झोपडी, झोपडीत एक पाटकरी. त्याने पाण्याची दारं उघडायची, झाकायची, बांध राखायचा. त्याला हाक मारायची ती दगडावरच्या आकड्याने. "ए सात, दोर धर!" "सोळा कुठं उलथला?" सात आणि सोळा बिचारे धावत येत. त्यांच्या आईबापांनी त्यांना काही नाव ठेवलं असेल, हा विचार माझ्याही मनात कधी आला नाही. मी आपला मसाला पुरेल की नाही या विवंचनेत असे.

नावेवरही तीच रीत होती. काठावरून नाव ओढणारे ते चार दोरवाले, मी खानसामा आणि सुकाणू धरणारा तो तांडेल. मी रहेमान आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं, कारण माझं तोंड कधी बंद नसतं. तांडेलचं तोंड सहसा उघडत नसे. नऊ वर्षं तो त्या नावेवर होता. छातीपर्यंत दाढी, डाव्या गालावर वाफेने भाजल्याचा मोठा डाग. चौदा सालच्या लढाईत बसऱ्याला सरकारी आगबोटीवर होता, एवढंच कळलं होतं. नाव मुक्कामाला लागली की दोरवाले गावात पळत. हा नावेतच बसून राही. "तांडेल, तुमच्या पायांना जमीन चावते का?" असं मी त्याला चिडवायचो. तो हसतही नसे.

सन चौतीसची होळी आठवड्यावर आली होती, तेव्हाची ही गोष्ट. साहेब कालव्याच्या पाहणीला निघाले होते. दहाव्या मैलापासूनच पाणी उथळ झालं आणि नावेचा तळ गाळाला घासू लागला. साहेब आतून ओरडू लागले. अकरा मैलाच्या दगडाशी तिथला पाटकरी उभा होता. वीसेक वर्षांचा सडपातळ पोरगा, दोन वर्षांपूर्वी कामावर लागलेला. तांडेलने त्याला हाक मारली.

"ए अकरा! वर जाऊन सांग, अर्धा फूट पाणी वाढवा म्हनावं. सायबाचा हुकूम हाय."

साहेबाचा तसा हुकूम नव्हता. साहेब नुसते ओरडत होते. हुकूम तांडेलने आपल्या पदरचा घातला.

पोरगा जागचा हलला नाही. "मामा, हितला बांध घुशींनी पोखरलाय. मी दोन डाव कळवलंय वर. पानी वाढलं तर सोसायचं नाय."

"तुझं काम निरोप न्यायचं. अक्कल शिकवायचं नाय."

पोरगा गेला. मी नावेत कांदा चिरत होतो. हा सगळा संवाद मी ऐकला आणि मलाही तेव्हा तांडेलचंच बरोबर वाटलं. पाणी वाढलं, नाव तरंगली, आम्ही पुढे सरकलो. दुपारी तीनच्या सुमाराला मागून आवाज आला. अकरा मैलाचा बांध फुटला होता. पोरगा जादा पाणी सोडायचं दार उघडायला धावला आणि दारासकट वाहून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आम्हालाच सापडला, पुलाच्या कमानीत अडकलेला. तांडेलने आकडीच्या बांबूने त्याला अलगद ओढून घेतलं आणि दोन्ही हातांवर उचलून काठावर ठेवलं. गावकरी न्यायला आले होते. घरी एकटी विधवा आई आहे आणि तिची शुद्ध हरपली आहे, असं कुणीतरी म्हणालं. तांडेल ओल्या कपड्यांनी तसाच उभा राहिला. ते पोराला घेऊन दिसेनासे झाले तरी उभाच.

कालव्याचं पाणी बंद झालं. नाव चिखलात बसली. साहेब मोटारीने नाशिकला निघून गेले आणि जाताना माझ्या हातात सामानाची यादी देऊन गेले. बुधवारी मी नाशिकची गाडी धरायला स्टेशनवर निघालो, तर तांडेल धुतलेला सदरा घालून काठावर उभा.

"रहेमानभाई, म्याबी येतो. मला शहर दाव."

नऊ वर्षांत पहिल्यांदा तो जमिनीवर चालायचं म्हणत होता. मी काझीपुऱ्यातला, तिथल्याच गल्लीत वाढलो. माझी बहीण बिलकिस अजून तिथेच राहते. तिच्या हातचा पुलाव खायचा बेत मी रात्रीच पक्का केला होता. त्यात हे एक लटांबर, म्हणून मनात वैतागलो. पण नाही म्हणवलं नाही.

नाशिक रोडला उतरलो. शहरातली ट्राम बंद पडली होती, म्हणून टांगा केला. टांग्यात मी त्याला नोटांचा छापखाना दाखवला, बंगले दाखवले, कुणाचा घोडा कुठे उधळला होता तेही सांगितलं. तो हं हं करत होता. गावात शिरल्यावर मात्र त्याने मला अगदी जेरीला आणलं. दर दहा पावलांवर थांबायचा. तांबट गल्लीत अर्धा तास उभा राहिला. हंडे ठोकणाऱ्यांचा तो गदारोळ, माझे कान किटले; हा एका म्हाताऱ्या तांबटाच्या हातोडीकडे बघत बसला. सराफ बाजारात थांबला, मेन रोडवर मोटारी मोजत थांबला. साहेबाच्या हेडक्लार्कसाठी तपकीर घेतली तिथेही दुकानदाराला नाही नाही ते विचारत राहिला. मला वाटलं, म्हाताऱ्याला शहराचं वेड लागलं.

"तांडेल, माझी बहीण ताट वाढून बसली असेल. तुम्हाला नक्की बघायचंय तरी काय?"

तो जागीच उभा राहिला. मग खिशातून एक पुडी काढून त्याने मला दाखवली. काळे तीळ होते.

"बघायचं काय नाय. रामकुंडावर जायचंय. पर पाय व्हत नाय."

मग बोहरपट्टीच्या तोंडाशी, येणाऱ्याजाणाऱ्यांचे धक्के खात, त्याने मला सगळं सांगितलं. एवढं सलग बोलताना मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. त्याचं नाव पुंजा. जातीने कोळी, गाव कुसेगाव. वरच्या खोऱ्यात नवं धरण होणार, गाव बुडणार असा बोलवा उठला, तेव्हाच सरकार बसऱ्याच्या नदीवर बोटी चालवायला माणसं भरत होतं. हा गेला. मागे बायको सगुणाबाई आणि दोन वर्षांचा मुलगा मंगळू. चार वर्षांनी परत आला, तर गावाच्या जागी पाणी. काठावरच्या एका गुराख्याने सांगितलं की कुसेगावचे लोक ज्या छपरांत नेऊन ठेवले होते तिथे तापाची साथ आली. कुणी उरलं नाही.

"म्हंजी तुम्ही शोधलंच नाही?" मी विचारलं. मला राग आला होता, खोटं कशाला सांगू.

"कुनाला शोधू? समदे मेले म्हनला त्यो. मंग माझं काम एकच ऱ्हायलं व्हतं, हितं येऊन त्यास्नी पानी द्यायचं. ते मी केलं नाय." तो पुडीकडे बघत होता. "पिंड दिला की मानूस गेलं. नाय दिला तवर... कुटंतरी हाय, असं वाटतं. चौदा वर्सं म्या नाशकाकडं तोंड केलं नाय. नाव स्टेशनाजवळ लागली तरी उतरलो नाय. पर परवा त्या पोराला उचलला, अन् हातात वजन आलं. माझ्या मंगळूला कुनी उचलला आसंल? आता मी मेलो, तर त्यास्नी पानी द्यायला मागं कोन हाय?"

मी मुसलमान माणूस. आमच्यात पिंड नाही, तीळ नाही. पण मेलेल्याचं करायचं राहून गेलं की छातीवर दगड बसतो, तो आमच्यातही बसतो. बिलकिसच्या पुलावाचं नाव मी काढलं नाही. त्याचा दंड धरला आणि नदीकडे निघालो.

रामकुंडावर गर्दी बेताची होती. एका छत्रीखाली पन्नाशीचे गुरुजी बसले होते, त्यांच्याकडे त्याला नेलं. मी चार पायऱ्या वर, भिंतीला टेकून बसलो. तिथून सगळं ऐकू येत होतं.

गुरुजींनी आधी त्याला न्हाव्याकडे पाठवलं. तीर्थावर विधी करायचा तर दाढी-मिशा उतरवाव्या लागतात. न्हाव्याने सफाचट केली, आणि पाण्यात बुडी मारून तो वर आला तेव्हा मी चमकलो. दाढीखालून निराळाच माणूस निघाला होता. गालावरचा डाग होताच. पण ती टोकदार हनुवटी आणि तिच्यावरची खळी मी कुठेतरी पाहिली होती. नुकतीच पाहिली होती. कुठे, ते काही केल्या आठवेना.

तो पाटासमोर बसला. गुरुजींनी पीठ मळून दिलं.

"किती पिंड?"

"तीन."

"कुणाकुणाचे? नावं सांगा."

"एक सगुणाबाईचा, माझ्या कारभारणीचा. एक मंगळूचा, पोराचा. अन् एक..." तो अडखळला. "त्याचं नाव ठावं नाय मला. परवा बुडाला. अकरा मैलाचा पाटकरी."

"अहो, त्याचे दिवस अजून व्हायचेत. त्याचं त्याच्या घरचे करतील."

"घरात म्हातारी आई हाय नुसती. पुरुष नाय कुनी. माझ्यापायी मेला त्यो, म्हाराज. पानी म्या वाढवाय लावलं."

गुरुजी माणूस वाईट नव्हते. "बरं, नात्यातला नसला तरी त्याचा धर्मपिंड देऊ," असं म्हणून त्यांनी तिसऱ्या गोळ्याला जागा केली. मग गाव विचारलं. कुसेगाव म्हटल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला. "ते बुडालं की हो! त्या गावचं कुणी येत नाही आता. वही माळ्यावर असेल. पण बापआज्यांची नावं लागतील, थांबा, आणतो."

हे मला पुंजाने नंतर समजावून सांगितलं. या गुरुजींकडे गावोगावच्या घराण्यांच्या वह्या असतात. तीर्थाला कोण आलं, कुणाचं कार्य केलं, घरात कोण कोण आहे, सध्या कुठे राहतात, सगळं पिढ्यान्‌पिढ्या लिहून ठेवलेलं. गाव पाण्याखाली गेलं, पण वहीतलं गाव कोरडंच राहिलं होतं. आणि हा चौदा वर्षं त्या वहीपासून लांब पळत होता.

पाऊण तासाने गुरुजी आले, कापडात बांधलेली लांबट वही घेऊन. धूळ झटकली, पानं उलटली. पुंजा पिठाचे तीन गोळे पुढ्यात ठेवून बसला होता.

"हं, सापडलं. कोळी, कुसेगाव. तुमचे वडील हरी, आजे सोनू. बरोबर?" बोट खाली सरकलं आणि थांबलं. "हे काय? तुमचं नाव पुंजाच ना?"

"व्हय."

गुरुजींनी पान उजेडाला धरलं आणि मोडीतलं ते लिखाण सावकाश वाचू लागले.

"शके अठराशे एकोणपन्नास, माघ वद्य. सगुणाबाई, भ्रतार पुंजा हरी. पुंजा लढाईवर गेला, बारा वर्षे झाली, परत नाही. सबब दर्भाचा पुतळा करून अग्नी दिला व कार्य केले. सोबत मुलगा मंगळू, वय चौदा, त्याचे हातून पिंड."

घाटावर कपडे आपटल्याचे आवाज येत होते. मला वाटलं म्हातारा आता हसेल, ओरडेल, नाचेल. मीच उठून उभा राहिलो. सहा वर्षांपूर्वी ती दोघं जिवंत होती! याच पायऱ्यांवर बसून त्यांनी याचं कार्य केलं होतं, आणि हा त्यांचं करायला घाबरत होता. मी तिथूनच ओरडलो, "गुरुजी, राहतात कुठे ते? लिहिलंय का?"

"लिहिलंय की. हल्ली मुक्काम..." गुरुजी वाचत होते आणि त्यांचा आवाज बारीक होत गेला. "हल्ली मुक्काम डावा कालवा, मैल अकरा. मजुरी."

तेव्हा मला ती हनुवटी आठवली. पुलाखालून काढलेल्या त्या पोराची होती ती; त्याच्या तोंडावरचा चिखल मीच माझ्या पंच्याने पुसला होता.

"पुन्यांदा वाचा," पुंजा म्हणाला.

गुरुजींनी पुन्हा वाचलं.

"मैल किती?"

"अकरा."

पुंजाने पहिला गोळा उचलला, सगुणाबाईचा, आणि बोटांनी चुरून परत पिठात मिसळून टाकला. ती जिवंत होती. मग दुसरा आणि तिसरा गोळा दोन्ही हातांत घेतला आणि एकमेकांवर दाबला. दाबत राहिला, दोन्ही मिळून एकच होईपर्यंत.

"ह्ये दोनी एकच हायेत, म्हाराज," तो म्हणाला. "एकच ठेवा."

मी भिंतीकडे तोंड फिरवलं आणि रडलो. लाज कसली त्यात?

गुरुजींनी मंत्र म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग खालच्या आवाजात म्हणाले, "या वहीत तुम्ही मयत आहात. मयताच्या हातचा पिंड लागू होत नाही. आधी मी हे खोडतो, तुम्ही हयात असल्याचं लिहितो. मग त्या बाईंना घेऊन या. शास्त्रात तोड आहे याला."

त्यांनी बोरू शाईत बुडवला. पुंजाने त्यांचा हात धरला.

"नगा खोडू."

"अहो, पण..."

"नगा. ऱ्हाऊ द्या तसंच."

मग पिंडही झाला नाही. त्याने तो एक गोळा पंच्यात बांधून घेतला आणि उठला.

पुलावर माझा संयम सुटला. भर रस्त्यात मी त्याच्यावर खेकसलो, "ती बाई एकटी बसलीय तिथे! नवरा गेला म्हणून कुंकू पुसलं, आता पोरगा गेला. आणि तुम्ही जिवंत असून सांगणार नाही? अक्कल आहे की नाही तुम्हाला?"

त्याने शांतपणे विचारलं, "काय सांगू? तुझा नवरा जित्ता हाय, अन् त्यानंच तुझं पोर बुडवलं? पोरगा घरी बोलला आसंलच की, तांडेल पानी वाढवाय सांगतुया, ऐकत नाय. तिच्या लेखी तिचा नवरा लढाईत मेला. चांगला मानूस व्हता म्हनत आसंल. तेवढं तरी ऱ्हाऊ दे तिच्यापाशी."

आजही मला कधी वाटतं तो बरोबर होता, कधी वाटतं भेकड होता. चौदा वर्षं वहीला भ्याला, तसाच तिलाही भ्याला. संध्याकाळच्या गाडीने आम्ही परत आलो. साहेबाचं लोणी मी टांग्यातच विसरलो आणि त्याबद्दल शिव्या खाल्ल्या.

पाचव्या दिवशी बांध बुजला, पाणी सुटलं. साहेब म्हणाले, पाहणी पुरे झाली, नाव मागे फिरवा. परतीची वाट अकरा मैलावरूनच होती.

सरकारी नाव आली की काठावरच्या बायका पदर ओढून पाठ करून उभ्या राहतात, ही त्या भागातली जुनी चाल. साहेबाच्या समोर तोंड करायचं नाही. अकरा मैलाच्या दगडापाशीही एक बाई तशीच उभी राहायची, हे मला तेव्हा आठवलं. मी तीन वर्षं तिची पाठ पाहिली होती. पुंजाने निदान सहा वर्षं पाहिली होती. दोन वर्षांपूर्वी एकदा, वाळत घातलेलं लुगडं दोराला अडकलं म्हणून, त्याने त्या पाठीवर वसकन ओरडलेलंही मला आठवत होतं.

त्या दिवशीही ती दगडाजवळ उभी होती. पण तिने पाठ केली नाही. पदर खांद्यावर पडला होता, केस मोकळे होते. पोरगाच गेला, आता साहेबाची कसली भीड! ती सरळ नावेकडे बघत होती, एकेकाचं तोंड निरखत. पाणी कुणी वाढवायला लावलं, ते तोंड बहुधा तिला बघायचं होतं.

दोरवाल्यांनी माना खाली घातल्या. नाव तिच्या समोर आली. पुंजाची दाढी नव्हती. ऊन थेट तोंडावर होतं. तिने एकदा नीट पाहिलं असतं तर डागासकट ओळखलं असतं, याबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती.

मी हाक मारायला तोंड उघडलं. "सगुणाबाई" एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं.

पुंजाने सुकाणू एका हाताने धरलं, पंचा डोक्यावरून पुढे ओढला आणि तिच्याकडे पाठ करून उभा राहिला. नाव अकरा मैलाच्या दगडापुढे सरकली, तरी तो तसाच उभा होता. मी हाक न मारता दोरवाल्यांसारखी मान खाली घातली.